पुरात दुकान गेलं तर सरकारी मदत कशी मिळवायची: पहिल्यांदाच या फेऱ्यात पडलेल्या दुकानदार आणि टपरीवाल्यांसाठी

दुकानात पाणी शिरलं, माल गेला, आता सरकार काही देतं का आणि द्यायचं असेल तर नेमकं जायचं कुठं, हा प्रश्न दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. ज्याच्या घरची शेती आहे त्याला निदान तलाठी, पंचनामा, अनुदान हे शब्द तरी माहिती असतात, पण बाजारपेठेतल्या माणसाचा तहसील कार्यालयाशी संबंध येतो कधी, दाखला काढायला, बस. म्हणून अगदी पहिल्यापासून सांगतो, वाचायला लांब वाटेल पण ज्याच्यावर वेळ आलीय त्यानं शेवटपर्यंत वाचा.

आधी हे समजून घ्या की ही मदत कुठून येते

आपत्तीत द्यायची मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते आणि त्याचे निकष केंद्र सरकार ठरवतं. त्या निकषांत शेती आहे, जनावरं आहेत, घरं आहेत, मच्छीमारांच्या होड्या-जाळी आहेत, अगदी हातमाग आणि हस्तकलेच्या कारागिरांसाठी अवजारांना ५,००० आणि मालाला ५,००० असं पण आहे. पण किराणा दुकान, कापड दुकान, मोबाईल रिपेअरिंग, चहाची टपरी, याला त्यात जागाच नाही. त्यामुळं दुकानदाराला जे मिळतं ते राज्य सरकार त्या त्या पुरापुरतं वेगळा शासन निर्णय काढून स्वतःच्या तिजोरीतून देतं, म्हणजे सगळे ज्याला जीआर म्हणतात तो. जीआर निघाला तर मदत, आणि जीआरमध्ये दुकानदार हा शब्द असेल तरच तुम्हाला मदत, हे डोक्यात पक्कं ठेवा.

आतापर्यंत मोठ्या पुरांत असा निर्णय झालेला आहे. २०१९ ला कोल्हापूर-सांगली बुडालं तेव्हा छोट्या व्यावसायिकांना दिलं. जुलै २०२१ ला चिपळूण, महाड आणि परत कोल्हापूर-सांगली, तेव्हा ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळानं ११,५०० कोटींचं पॅकेज मंजूर केलं त्यात दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५०,००० आणि टपरीधारकांना ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त १०,००० असं ठरलं. सप्टेंबर २०२३ ला नागपुरात एका रात्रीत पाणी शिरलं तिथंपण दुकानाला ५० हजारांपर्यंत आणि टपरीला १० हजारांपर्यंत हेच आकडे होते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मराठवाड्याच्या पुरानंतर जे पॅकेज आलं त्यातपण दुकानदारांना ५० हजार होते. म्हणजे आकडा साधारण तोच राहिलाय, महागाई कुठल्या कुठं गेली तरी. माझं स्पष्ट मत आहे की ५० हजारात आज एक डीप फ्रीझर आणि दोन रॅक येत नाहीत आणि ही मर्यादा वाढायलाच हवी, पण जे आहे ते तरी पदरात पाडून घेऊ.

पाणी उतरल्यावर चिखल काढायच्या आधी

सगळ्यात जास्त लोक इथं मार खातात. पाणी ओसरलं की माणूस पहिला खराटा आणि पाईप घेतो, साहजिक आहे, वास असतो, चिखल वाळला की निघत नाही, आणि दोन दिवसांत दुकान धुवून सगळा खराब माल नगरपालिकेच्या डंपरमध्ये जातो. मग चौथ्या-पाचव्या दिवशी पंचनाम्याचं पथक, म्हणजे नुकसान बघून त्याची लेखी सरकारी नोंद करणारे लोक, येतं आणि समोर स्वच्छ फरशी. ते तरी काय लिहिणार.

तर आधी मेन स्विच बंद आहे ना बघा, गरज पडली तर लाईटवाल्याला बोलवा, आणि मग मोबाईल काढा. दुकानाचा बोर्ड दिसेल असा बाहेरून एक व्हिडिओ, त्यात न थांबता आत जायचं, भिंतीवर चिखलाची जी रेघ उमटलेली असते ती टेप लावून किती फूट आहे ते दाखवायचं, मग एकेक रॅक. फोटोत तारीख-वेळ आणि लोकेशन येतं असे जीपीएस कॅमेऱ्याचे फुकट अॅप आहेत ते टाकून घ्या. बोर्ड आणि नुकसान एकाच व्हिडिओत आलं पाहिजे, नाहीतर हे तुमचंच दुकान कशावरून असा प्रश्न येऊ शकतो.

किराणावाल्यांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवा. साखर, मीठ, गूळ पाण्यात विरघळून जातो, म्हणजे ५० किलोची साखरेची पोती दहा होती तर पाणी उतरल्यावर तिथं दहा रिकाम्या ओल्या पिशव्या चिकटून पडलेल्या असतात, बाकी काही नाही. त्या पिशव्या फेकू नका. एकावर एक मांडा, मोजता येतील अशा, फोटो काढा, आणि पंचनामा होईपर्यंत कोपऱ्यात ठेवा. तेच डाळीचं, फुगून पोती फुटतात आणि तिसऱ्या दिवशी त्याला असा वास सुटतो की शेजारी ओरडायला लागतात, तर डाळ टाकून द्या पण बारदान आणि लेबल ठेवा. औषध दुकानवाल्यांनी स्ट्रिप टाकायच्या आधी बॅच नंबर दिसतील असे फोटो. टेलरकडं आणि मोबाईल रिपेअरवाल्याकडं गिऱ्हाइकाच्या वस्तू असतात, त्यांची वेगळी यादी करा कारण उद्या गिऱ्हाईक पण विचारायला येणारच आहे.

माल ठेवणं शक्यच नसेल, रोगराईची भीती असेल, तर शेजारच्या दोन दुकानदारांना आणि जमलं तर वॉर्डातल्या नगरसेवकाला किंवा पालिकेच्या माणसाला समोर उभं करून यादी लिहा आणि सह्या घ्या. साध्या कागदावर चालतं.

पंचनामा म्हणजे सगळं काही

गावात असाल तर तलाठी आणि ग्रामसेवक येतात (त्यांची पदनावं आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झालीत, कागदावर तसं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका). शहरात नगरपालिका किंवा महापालिकेचे कर्मचारी आणि महसूलचे लोक मिळून पथकं करतात. या मदतीसाठी असा छापील फॉर्म बहुतेक वेळा नसतोच, पंचनामा हाच तुमचा अर्ज समजा. जे पंचनाम्यात आलं नाही ते सरकारच्या दृष्टीनं बुडालंच नाही.

पण म्हणून पथक यायची वाट बघत बसू नका. जीआरची पण वाट बघू नका, जीआर यायला आठवडे लागतात आणि तोपर्यंत पंचनाम्याची मुदत संपलेली असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत तहसीलदारांच्या नावे एक पानाचा अर्ज लिहा, माझं अमुक ठिकाणी अमुक दुकान आहे, अमुक तारखेला इतके फूट पाणी आलं, अंदाजे इतकं नुकसान झालं, पंचनामा करून मिळावा. दोन प्रती न्या, एक आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का आणि तारीख मारून पोच घ्या. शहरात असाल तर तसाच अर्ज नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना किंवा वॉर्ड ऑफिसला पण द्या. हा शिक्का मारलेला कागद पुढं सोन्याच्या किमतीचा ठरतो, कारण यादीत नाव नाही म्हटल्यावर तुम्ही वेळेत कळवलं होतं हे दाखवायला दुसरं काही नसतं.

पथक येईल तेव्हा दुकानात स्वतः हजर राहा, कामाच्या पोराला उभं करू नका. काय गेलं याची यादी खरेदीच्या किमतीनं तयार ठेवा, विक्रीच्या किमतीनं नाही. माल वेगळा, फर्निचर वेगळं, मशीन वेगळं. पंचनाम्यात तुमचं नाव आधारवर आहे तसंच लिहिलंय का बघा, दुकानाचं नाव मालकाच्या नावाच्या जागी पडलेलं असतं बऱ्याचदा, आणि मग पैसे टाकताना "श्री गणेश ट्रेडर्स" नावाचं खातं शोधत बसतात. कोऱ्या कागदावर सही करू नका, साहेब म्हणाले नंतर भरतो तरी नाही, नम्रपणे सांगा की दोन ओळी का होईना भरा मग सही करतो. सही झाल्यावर पूर्ण पानाचा फोटो घ्या.

पंचनाम्याला एक रुपया लागत नाही. कुणी मधला माणूस येऊन नाव घालतो म्हणून पैसे मागत असेल तर त्याच्या नादी लागू नका, आणि फोनवर मदतीचे पैसे आलेत ओटीपी सांगा म्हणणाऱ्याच्या तर अजिबात नाही.

कोण बसतं, कोण बसत नाही

२०२१ च्या निर्णयात अटी अशा होत्या: दुकानदार स्थानिक रहिवासी असावा, मतदार यादीत नाव असावं, रेशनकार्ड असावं आणि दुकान अधिकृत म्हणजे नोंदणी किंवा परवाना असलेलं असावं. टपरीलाही तसंच. तुमच्या पुराचा जीआर येईल तेव्हा या चार गोष्टी शब्द न शब्द वाचा, राज्य शासनाच्या वेबसाईटवर महसूल व वन विभागाच्या शासन निर्णयांमध्ये तो मिळतो, मराठीतच असतो.

या अटींमुळं बरीच खरी माणसं बाहेर पडतात हे मला खटकतं. वीस वर्षं एका गावात दुकान चालवतो पण राहतो शेजारच्या तालुक्यात, किंवा रेशनकार्ड अजून गावाकडं वडलांच्या नावावर, किंवा राजस्थान-उत्तर प्रदेशातून येऊन फरसाणचं, पाणीपुरीचं काम करणारा, त्याचा माल काय कमी भिजला होता का. तुम्ही यात मोडत असाल तर आत्ताच मतदार यादीत आणि रेशनकार्डावर सध्याचा पत्ता करून घ्या, पूर आल्यावर ते होत नाही.

अधिकृत दुकान दाखवायला शॉप अॅक्ट, म्हणजे दुकाने कायद्याखालची नोंद, हा सगळ्यात सोपा कागद. २०१७ च्या कायद्यानंतर कामगार कमी असतील तर लायसन काढावं लागत नाही (आधी ही मर्यादा दहापेक्षा कमी होती, २०२५ मध्ये वीसपेक्षा कमी केली), ऑनलाईन सूचना द्यायची आणि पोच डाउनलोड करायची, बस. सोबत उद्यम नोंदणी करून घ्या, सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, कुणाला त्याचे पैसे देऊ नका. खाण्याचं असेल तर अन्न परवाना. टपरी, हातगाडीवाल्यांनी नगरपालिकेचं पथविक्रेता प्रमाणपत्र, आणि ते नसेल तर निदान रोजच्या बाजार फीच्या पावत्या फेकू नयेत, खिळ्याला लावून ठेवाव्यात, कारण त्याच जागेवर किती वर्षं बसता हे त्या पावत्यांवरून दाखवता येतं.

भाड्याच्या गाळ्यात असाल तर नीट ऐका. भिंत, शटर मालकाचं, माल आणि फर्निचर तुमचं. मालाच्या नुकसानीचा पंचनामा धंदा चालवणाऱ्याच्या म्हणजे तुमच्या नावानं व्हायला पाहिजे. काही ठिकाणी गाळामालक घरपट्टी घेऊन पुढं होतात आणि नाव त्यांचं लागतं, मग भाडेकरू बोंबलत बसतो. भाडेकरार असेल तर उत्तम, नसेल तर तुमच्या नावाचा शॉप अॅक्ट, मालकाला भाडं दिल्याच्या ऑनलाईन नोंदी, व्यापाऱ्यांची त्या पत्त्यावरची बिलं, हे दाखवा.

बिलंच वाहून गेली तर

जातातच, बिलबुक गल्ल्याखालीच असतं. होलसेलरला फोन करा, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये सगळी बिलं असतात, गेल्या तीन-चार महिन्यांची पीडीएफ मागा, पुराच्या काळात कुणी नाही म्हणत नाही. जीएसटी नंबर असेल तर पोर्टलवर लॉगिन करून जीएसटीआर-२बी काढा, महिन्याला कुणाकडून कितीची खरेदी झाली ते तिथं दिसतं. सीएकडं मागच्या मार्चचा क्लोजिंग स्टॉक असतो. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं खेळतं कर्ज, असेल तर दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट बँकेत असतंच. एवढ्यावर कुठल्याही अधिकाऱ्याचं समाधान होतं.

किती मिळणार याचा हिशोब

७५ टक्के आणि ५० हजार ही मर्यादा धरली तर ४० हजारांचं नुकसान झालेल्याला ३० हजार मिळतात. साधारण ६७ हजारांच्या वर नुकसान गेलं की मग ते एक लाख असो की वीस लाख, हातात ५० हजारच. टपरीला १३,३०० च्या आसपास नुकसानीलाच मर्यादा गाठली जाते. यावरून दोन गोष्टी. एक, आकडा फुगवून काही मिळत नाही, उलट संशय येतो. दुसरी, नुकसान सहा लाखांचं असेल तर "मिळणार तर ५० हजारच" म्हणून पंचनाम्यात एक लाख लिहून मोकळं होऊ नका. पूर्ण सहा लाखच लिहायला लावा. कारण हाच पंचनामा पुढं विमा कंपनीला द्यायचाय, बँकेला द्यायचाय, आणि जीएसटीला पण, तिथं पुरात गेलेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं. चार ठिकाणी चार आकडे गेले की प्रत्येकजण प्रश्न विचारतो.

दुकानाशिवाय घरातही पाणी शिरलं असेल तर कपडे-भांड्यांचं सानुग्रह अनुदान वेगळं असतं, २०२१ ला ते कुटुंबाला १०,००० होतं. दुकान खाली आणि घर वर असेल किंवा मागं असेल तर दोन्हींचे पंचनामे वेगळे मागा.

विमा आणि बँक, हे विसरूच नका

ज्यांचं कर्ज किंवा कॅश क्रेडिट आहे त्यांनी आजच बँकेचं स्टेटमेंट उघडून वर्षातून एकदा विम्याचा हप्ता कापलाय का बघा. बऱ्याचदा बँक तारण मालाचा विमा स्वतःच उतरवते आणि दुकानदाराला पॉलिसीचा कागदही दिलेला नसतो. असा विमा असून माहिती नसल्यामुळं क्लेम न केलेली माणसं मी पाहिलीत आणि त्याचं फार वाईट वाटतं, कारण तिथं ५० हजारांची मर्यादा नसते. पॉलिसी मागून घ्या, त्यात पूर कव्हर आहे का आणि पत्ता दुकानाचा आहे की गोडाऊनचा ते बघा, आणि लगेच कळवा, मेलवर कळवा म्हणजे तारीख राहते. विमा कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येईपर्यंत माल हलवू नका. विमा नसेल तर पुढच्या वर्षीसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" या पॉलिसीची चौकशी करा, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या धंद्यांसाठी २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं आहे, त्यात पूर येतो.

हप्ते थकणार असतील तर थकायच्या आधी बँकेत लेखी अर्ज द्या. नैसर्गिक आपत्तीत कर्जाचं पुनर्गठन करायची, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून द्यायची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी आहे, पहिलं कर्ज १५,०००, फेडलं की २५,०००, मग ५०,०००, नगरपालिकेतूनच होतं. मात्र ते कर्ज आहे, अनुदान नाही, पुन्हा उभं राहायला उपयोगी पण परत द्यायचं आहे हे धरून चाला.

पैसे खात्यात येताना

पैसे रोख मिळत नाहीत, खात्यातच येतात, आणि अडकतात ते आयएफएससीवरून, म्हणजे बँक शाखेच्या कोडवरून. २०१९-२० मध्ये बँकांचं विलीनीकरण झालं, सिंडिकेट कॅनरात गेली, कॉर्पोरेशन आणि आंध्रा युनियनमध्ये, देना आणि विजया बडोद्यात, आणि लोक अजून जुन्या पासबुकाची झेरॉक्स देतात. नवीन पासबुक छापून घ्या. पतसंस्थेचं खातं देऊ नका. खातं तुमच्या एकट्याच्या नावाचं आणि आधार जोडलेलं असेल तर सगळ्यात बरं.

याद्या चावडीवर, ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसला लागतात. नाव नसेल तर त्याच आठवड्यात पोच घेतलेल्या अर्जाची झेरॉक्स आणि फोटो जोडून तहसीलदारांकडं हरकत द्या. तिथं दाद लागली नाही तर प्रांताधिकारी, मग जिल्हाधिकारी. तक्रारी ऐकायला तालुक्याचा लोकशाही दिन असतो आणि जिल्ह्याचा महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तिथं समोरासमोर बोलता येतं. तरीही उत्तर नाही तर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात फक्त तीन गोष्टी मागा: माझ्या दुकानाच्या पंचनाम्याची प्रत, पात्र-अपात्र यादीची प्रत, आणि अपात्र केलं असेल तर त्याचं लेखी कारण. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा हा अर्ज पडला की फाईल आपोआप टेबलावर येते.

आणि पैसे आल्यावर बँकेनं थकलेल्या हप्त्यात परस्पर वळते केले तर गप्प बसू नका. मदतीच्या रकमेतून कसलीही वसुली करू नये असं या शासन निर्णयांत लिहिलेलं असतं. त्या ओळीवर पेननं खूण करून जीआरची प्रत शाखा व्यवस्थापकाला द्या, दुसरी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला, तिसरी तहसीलदारांना, आणि तिन्हींवर पोच घ्या.